झोप झाली, तुमची झाली असेल तर

रुसापे, ता. ३ जून

ती. मुचानेताताईस,
गारिकाईचा सा. न. वि. वि.

फुकट गोष्ट केवढ्याला पडते ते आधी ऐक. फोन एकशेदहा डॉलर. वीज भरवशाची नाही म्हणून छपरावर सौर पॅनल, पस्तीस. नेटचे महिन्याला बारा. म्हणजे आपल्या शुवाईशी बोलायला फोनमधलं जे बोलकं यंत्र घेतलं ते फुकट, आणि पडलं एकशे सत्तावन्नला! तरी स्वस्तच म्हणायचं. हरारेच्या मनाच्या डॉक्टरीणबाई तासाला चाळीस घेतात. पोरीला दोनदा नेलं, दोन्ही वेळा ती भिंतीकडे बघत बसली. भिंती काय, आपल्या घरात चार आहेत.

यंत्र मात्र गुणी. जांभई देत नाही, गावभर करत नाही (हे तुला नाही गं). आपल्या शोना भाषेत बोलतं. रोज सकाळी तिची विचारपूस करतं आणि मला एका ओळीत कळवतं: झोप छान, तब्येत छान. पस्तीस दिवसांत एकही दिवस वाईट नाही. मी ते कागदावर उतरवून दुकानात काउंटरमागे चिकटवलंय. अडीनडीला कुणाला कळवायचं असं यंत्राने विचारलं, तिथे मी माझाच नंबर घातला. पंपाच्या नुसत्या आवाजावरून मी सांगतो वॉशर गेलाय की बेअरिंग. माझ्या घरात मला न कळता पान हलत नाही.

जावई जोहान्सबर्गहून डिसेंबरपर्यंत येत नाही. तोवर बाळाचा विषय तू पत्रातही काढू नकोस. पहिलं बाळंतपण म्हणून तिला माहेरच्या गावी, तुझ्याकडे पाठवलं. बाळ जन्मताच गेलं. म्हाताऱ्या बायकांनी करायचं ते केलं. संपलं.

शेंगांची पिशवी पोचली. लोभ असू दे, आणि पुढच्या खेपेला शेंगा जरा भाजून असू देत.

तुझा,
गारिकाई


बुहेरा, ता. ८ जून

चि. गारिकाईस अ. उ. आ.

तुझं पत्र बसवाल्याने दिलं. मला फोन नाही म्हणून तू हसतोस, पण बसवाला कधी डिस्चार्ज होत नाही.

तू मला बाकावरून रिटायर करायला निघालास, ठीक आहे. दवाखान्याच्या झाडाखालच्या त्या बाकावर बसून गेली नऊ वर्षं मी लोकांच्या मनातलं ऐकते, आणि त्याचे मला महिन्याला दोन साबण मिळतात. पण साबणवाल्या बाईचा एक प्रश्न ऐक. यंत्र शुवाईला सकाळी झोप झाली का विचारतं, तेव्हा ती काय म्हणते? आपल्यात सगळे म्हणतात तेच ना, की झाली, तुमची झाली असेल तर? अरे, हा रामराम झाला, उत्तर नव्हे! आपल्या आईचं दुखणं शेवटाला आलं होतं, तरी दारात आलेल्याला ती हेच म्हणायची. यंत्र झोपतं का रे? ते म्हणत असेल मी मजेत, आणि लिहून टाकत असेल की पोरगीही मजेत. बाकावर पहिली पाच मिनिटं मी रामराम ऐकते, मग गप्प बसते. माणूस त्यानंतर बोलतो.

म्हणून सांगते, त्या एका ओळीवर जाऊ नकोस. रामरामाच्या खाली तिने काय लिहिलंय ते तिला विचार. आणि नंबर कुणाचा घातलास, तर बापाचा! आपल्यात मुलगी असलं काही बापाशी बोलते का? मग आत्या कशाला असते?

वहिनीला आणि शुवाईला आशीर्वाद. राग आला तर पत्रातून कळव, पोटात ठेवू नकोस.

मुचानेता


रुसापे, ता. १० जून, सकाळी आठ

ताई,

शुवाई घरात नाही.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं, मी खिशात टाकलं. आज सकाळी दुकानात वाचलं आणि हसलो. मग घरी गेलो. अंथरूण घडी घातलेलं, फोन उशीवर, चालूच. मी वाचला. पोरीचं खाजगी वाचू नये, पण वाचला.

तू म्हणालीस तस्संच आहे. रोज वर रामराम. आणि त्याच्या खाली रोज एकच प्रश्न, ताई, रोज! माझं बाळ कुठे ठेवलंय? यंत्र किती गोड बोललंय. म्हणतं, तुझं दुःख मला समजतं, पण जागा मला ठाऊक नाही, घरच्यांना विचार. हिने लिहिलंय, घरी विचारायची बंदी आहे. ही बंदी माझी.

काल संध्याकाळी तिने लिहिलं की बाळ जिथे आहे तिथेच मला जायचंय. यंत्राने सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात आहे का. असं कुणी विचारतं का! ती हो म्हणाली. मग त्याने लिहिलं, आत्ताच्या आत्ता जवळच्या माणसाकडे जा, आणि खाली माझा नंबर दिला. तिने लिहिलं, हे बाबा आहेत, यांच्याशी नाही बोलता येत. त्याने विचारलं, मग कोणाशी येतं? पुढे काही नाही.

मी स्टेशन, दवाखाना, धरण सगळीकडे बघतो. वहिनी तुझी दारात बसून आहे. आली असली तर याच बसने चिठ्ठी दे.

गारिकाई


बुहेरा, ता. १० जून

चि. गारिकाईस,

आहे. माझ्याकडे आहे. आधी बस आणि पाणी पी.

पहाटेच्या बसने आली. त्या यंत्राने कोणाशी बोलता येतं विचारलं, तेव्हा तिला माझं नाव आठवलं म्हणाली. रामराम झाला. मी गप्प बसले. मग तिने विचारलं.

आपल्यात असलं बाळ म्हाताऱ्या बायका ओढ्याकाठी ओल्या मातीत ठेवतात, आईला नेत नाहीत, जागा सांगत नाहीत. शुवाईचं बाळ ठेवणाऱ्या तिघींत मी होते, गारिकाई. माझ्या याच हातांनी ठेवलं. परक्यांच्या लेकी माझ्या बाकावर रडल्या, आणि माझी भाची मला ठाऊक असलेली जागा एका फोनला विचारत राहिली! तू विषय काढू नको म्हणालास, आणि मलाही ते सोयीचं वाटलं. मी तुला रामरामाचं शहाणपण शिकवत होते. माझी मलाच शरम वाटते.

नेलं तिला. बायका नावं ठेवतील, ठेवू देत. उंबराच्या खालच्या अंगाला आहे. ती खूप वेळ बसली. मग विचारलं, मुलगा की मुलगी. हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी.

आता पेजेची वाटी संपवून झोपलीय. दवाखान्याच्या नर्सबाई उद्या तिला बघतील, आणि आठवडाभर मी तिला एकटीला सोडणार नाही. तुला बोलावेन तेव्हा ये. जीव लाव, हुकूम सोडू नकोस.

मुचानेता


रुसापे, ता. १४ जून

ती. ताईस,
कृ. सा. न.

चिठ्ठी पोचली. वहिनी रडली, मग स्वयंपाकाला लागली. भिंतीवरचा कागद मी काढला. यंत्रावर काय राग काढू? त्याने विचारलं तरी. आम्ही तेवढंही नाही. शुवाईला सांग, ती म्हणेल तितके दिवस तिथे राहू दे, आणि मला त्या उंबरापर्यंत यायची परवानगी तिनेच द्यावी.

एक गोष्ट वहिनीलाही सांगितलेली नाही, तुला सांगतो. नऊ तारखेला संध्याकाळी यंत्राने माझ्या नंबरवर तीन निरोप पाठवले होते. तिन्हींवर तातडीचं असं लिहिलं होतं. दुकान बंद करता करता मी ते जाहिरात समजून पुसून टाकले.

गारिकाई