डोळ्यावरचं ठिगळ

५ ऑक्टोबर

खोली मिळाली, आणि तीही शिंप्याच्या दुकानाच्या अगदी डोक्यावर! जिना उतरलं की कामावर. खिडकी पूर्वेची, रफूवालीला याहून जास्त काय लागतं? मास्तरांनी कामावर घेण्याआधी परीक्षा घेतली. कोटाच्या बाहीवर सिगारेटने पडलेलं भोक. मी कोटाच्याच आतल्या शिवणीतून दोरे ओढले आणि तासाभरात भोक बुजवलं. बाही उलटीपालटी करून मास्तर म्हणाले की आता भोक कुठे होतं ते मलाच दाखवावं लागेल. सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, नवं गाव. ताईला फोन केला, तर म्हणाली, आता तरी एका जागी टीक.

१२ ऑक्टोबर

उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढं पांढुरकं काहीतरी आहे. मला वाटलं, कापडाचा तंतू गेला. आरशासमोर चिमटा घेऊन बसले होते. मास्तरांनी हात धरला आणि सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात धाडलं.

१९ ऑक्टोबर

डॉक्टरबाई माझ्याहून लहान, पण बोलणं मुरलेलं. डोळ्याच्या पृष्ठभागावर गाठ आहे, वाईट वळणाची असू शकते. काढताना भोवतालचं चांगलं आवरणही थोडं काढायचं, कडा गोठवायच्या आणि उघड्या जागेवर ठिगळ लावायचं. मी विचारलं, कापड कुठलं? त्या हसल्या. जागा लहान असती तर माझ्याच दुसऱ्या डोळ्यावरचा तुकडा चालला असता. एवढ्या जागेला पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा आतला पापुद्रा लावतात. बाळंतपणात कुण्या आईने दान केलेला, तपासून गोठवून ठेवलेला. त्याच्या आधाराने माझं स्वतःचं आवरण भरून येईल आणि तीनेक आठवड्यांत तो विरघळून जाईल.

आई कोण, ते सांगत नाहीत. बाळ सुखरूप आहे ना, एवढंच विचारलं. ठणठणीत आहे म्हणाल्या.



२७ ऑक्टोबर

काल ऑपरेशन झालं. दुखतंय, पण सोसवेल इतकं. ताई आली आहे. तासातासाला थेंब घालते आणि हात डोळ्याकडे गेला की फटका मारते. मास्तरांचा निरोप आला की खुर्ची माझीच आहे, दुसरं कुणी बसलेलं नाही.

४ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. कर्करोगच, पण सुरुवातीचा, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ, म्हणजे मागे काही उरलेलं नाही. ताई आधी रडली, मग मलाच रागावली. डॉक्टरबाईंनी आरशात दाखवलं: कांद्याच्या आतल्या सालीसारखा ओला, पारदर्शक पापुद्रा. टाके केसाहून बारीक. मान्य करावं लागलं, हात सुरेख आहे बाईंचा. ताई उद्या परत जाईल.

१३ नोव्हेंबर

आज बटण लावताना डोळ्यात काहीतरी हललं. पापणी फडफडते तसं नाही. आतून, अलगद, मासोळी वळावी तसं. सुई खाली ठेवली.

ही हालचाल मला माहीत आहे. बावीस वर्षांपूर्वी पोटात पहिल्यांदा अशीच जाणवली होती, अठराव्या आठवड्यात. ऑपरेशनला आज अठरा दिवस झाले.

मुलगी होती. दोन दिवसांची होऊन गेली. हे मी कधी कुठे लिहिलेलं नाही. भर दुपारी तिला कुशीत घेऊन मला झोप लागली. जाग आली तेव्हा ती गार होती. सगळे म्हणाले, तुझा दोष नाही. सगळे म्हणाले.

२१ नोव्हेंबर

पापुद्रा एव्हाना विरघळायला हवा होता. तो जाड झालाय. मी हालचालीचं सांगितलं. डॉक्टरबाई पापणीच्या स्नायूबद्दल काही समजावत होत्या, पुढच्या आठवड्यात छोटा तुकडा काढून तपासू म्हणत होत्या. बोलता बोलता त्यांचं बोट पापणीवर टेकलं. त्याच क्षणी आतून लाथ बसली.

त्यांनी हात मागे घेतला. आपल्या हातमोज्याकडे बघत राहिल्या. मग पुढची तारीख लिहून दिली.

२८ नोव्हेंबर

तपासणीला गेले नाही. उन्हाकडे तोंड करून डोळा मिटला की लालसर दिसतं. त्यात एक सावली, गुडघे पोटाशी घेतलेली. मी गुणगुणले की शांत होते.

मास्तरांनी विचारलं, कुणाशी बोलतेस? मग माझ्याकडे रफूला दिलेला एक सदरा समोर ठेवला. भोक तसंच होतं. मी बाहीची दोन्ही तोंडं शिवून टाकली होती – लहानशी पिशवी. कधी शिवली, आठवत नाही.

२ डिसेंबर

ताई आली. मास्तरांनीच कळवलं असणार. तिने माझा चेहरा खिडकीकडे वळवला.

"अगं, गाठ आहे ती. परत आलीय. उद्या सकाळी काढायची, मी डॉक्टरबाईंशी बोललेय."

मी म्हटलं, "एकदा झोप लागली होती, ताई. आता नाही झोपणार."

बावीस वर्षांत माझ्यासमोर ताईने कधी माझ्या मुलीचं नाव –

आज घेतलं. हळूच. डोळ्यात तिने कूस बदलली.

बुबुळ अर्धं झाकलंय. पापणी मिटत नाही.

३ डिसेंबर

ताई गाडी आणायला गेली तेवढ्यात कडी लावली. डाव्या डोळ्याने लिहितेय. उजव्यातून पाणी – कोमट – थांबतच नाही – पान भिजलं –

कळा. कपाळापासून. दर पाच मिनिटांनी –

ताई दार ठोठावतेय. मास्तरही. भूल देतील म्हणतात, काही कळणार नाही, झोपून उठलीस की सगळं –

झोपून नाही.

पुन्हा कळ – बोटं – किती लहान – पापणी आतून धरलीय – ताई, ठोठावू नकोस, ऐक, रडतेय ती, जिवंत – तुला ऐकू –