अठरा काड्यांचं तोंड

३ जून
ऑपरेशनला वर्ष झालं. कॅन्सरने खाल्लेला एका बाजूचा जबडा काढून पायाच्या हाडाचा नवा बसवलाय. आता त्या हाडात स्क्रू घालून वर दात बसवायचे. उभा जन्म सुतारकामात गेला, स्क्रू म्हणजे आपलाच प्रांत. अडचण एकच. तोंड उघडत नाही. आईस्क्रीमच्या काड्यांची चळत पुढच्या दातांत धरायची. सध्या आठ मावतात. अठरा मावल्या की डॉक्टरांचं ड्रिल आत जाणार. रोज एकेक वाढवायची. किरकोळ!

७ जून, सकाळी
अजून आठच. नववी घुसवताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको शेजारी बसून मोजते. हिला दुसरं काम नाही का?

८ जून
काड्यांचं फिनिशिंग भिकार. कडा टोचतात. जरासा पॉलिश पेपर मारला. नऊ!

१५ जून
एकदा पेपर हातात घेतला की अर्धवट सोडणं रक्तात नाही. तेरा. बायको खूश. वर्षभर तीही माझ्याबरोबर मिक्सरमधलंच गिळतेय. म्हणते, तुम्ही चावायला लागलात की मीही चावेन. कुणी सांगितलंय नसते हट्ट करायला?

२३ जून
सोळा. आरशात मात्र तोंड होतं तेवढंच दिसतं. आरसा बदलायला झालाय.

३० जून
अठरा!! बायकोने मुलीला फोन केला. बोलता बोलता रडली. माझं उगाच डोकं फिरलं. उद्याची अपॉइंटमेंट मिळाली.

१ जुलै, दुपारी
डॉक्टरांनी स्वतःच्या काड्या काढल्या. परक्या मालाचा भरवसा नाही, असं मी सुचवून पाहिलं. आठ. नववी जाईना. ड्रिलला जागाच नाही म्हणाले. दात लांबणीवर. बायको हट्टाने म्हणाली, घरी अठरा मावतात, आणि पर्समधून आमच्या काड्या काढून टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्यातली एक उचलून उजेडात धरली. कागदाइतकी पातळ! मला म्हणाले, कारागीर आहात.

१ जुलै, संध्याकाळी
घरी आलो. मग बायको म्हणाली, दुखतंय म्हणाला असतात तर हात धरून बसले असते. मी ठणकावून सांगितलं, मुळीच दुखत नाही. पण सकाळच्या खटाटोपाने जबडा आखडलेला, तिला एक अक्षर कळेना. काय? काय म्हणताय? पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सांगायला गेलो आणि रडूच फुटलं.
ते मात्र तिला लगेच कळलं.