पाटीवरची मान

बाळ उत्कर्षा,

सोमवारी सकाळी तुझ्या आईच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला आणि तिची आखडलेली मान बसवायला दोन्ही हातांत धरली. ती डोळे मिटून म्हणाली, "आवं, द्या की झटका. बोटांनाबी लय मुंग्या आल्यात."

मुंग्या म्हटल्यावर तू आठवलीस. दिवाळीत म्हणाली होतीस, "तात्या, मोडलेले हातपाय बसवा, पण मान नको. आमी एवढी वर्षं डॉक्टरकी शिकतोय, तरी फोटो बघितल्याबिगर मानेला हात लावू देत न्हाईत. त्यात मुंग्या असल्या तर न्हाईच." मी हसून म्हणालो होतो, "मेंढरांच्या पायांवर शिकलोय मी. एक मेंढरू लंगडलं न्हाई." तू न जेवताच मिरजेला परत गेलीस.

मी हात काढून घेतले. विट्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मानेत नस दबली होती. झटक्याने तिचे हातपाय गेले असते. आता औषधाने उतार आहे. आज तिने स्वतः भाकरी थापली.

एवढं लिहिलं, पण पाठवायला धीर होत नाही. तू आलीस की दारातच कळेल. 'हात, पाय, मान बसवून मिळेल' या दारावरच्या पाटीवरची 'मान' मी आज चुन्याने पुसली.

तुझी वाट बघणारा,
तात्या