हिचा हात आणि मागचे दोन बल्ब

४ नोव्हेंबर, सोमवार
बाईकचे मागचे दोन्ही इंडिकेटर बंद पडून वर्ष होत आलं. अडलंय कुठे? वळण आलं की मागे बसलेली ही हात काढते. उजवा, नाहीतर डावा, अगदी ऐटीत. पण आता हिचा डावा खांदा धरलाय. वेणीसुद्धा घालता येत नाही. महिनाभर फोन करकरून शनिवारी सकाळची डॉक्टरांची वेळ मिळालीय. ही म्हणाली, इंडिकेटर लागले तरच तुमच्या मागे बसेन. म्हटलं, हात्तिच्या! दोन बल्ब तर आहेत. उद्या काम फत्ते.

५ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानदार विचारतो, दहा वॉट की एकवीस? पिना समोरासमोर की वाकड्या? जुना बल्ब आणलाय का? मी पदवीधर माणूस, नमुना कशाला आणू? जास्त उजेडाचे द्या म्हटलं. एकवीसचे घेतले.

नंतर: फक्कड पेटले. कौतुकाने बराच वेळ बघत बसलो. डावीकडची काच वितळली. काच कसली, प्लॅस्टिक! कंपन्या हल्ली फसवतात.

६ नोव्हेंबर, बुधवार
नवी काच. दहा वॉटचे बल्ब. पिना या वेळी समोरासमोर घेतल्या, दिसायला व्यवस्थित वाटतात. होल्डरमध्ये बसेनात. पकडीने प्रेमाने दाबलं. बल्ब फुटला, अंगठा कापला. हिने एका हाताने पट्टी गुंडाळली, गाठ दातांनी मारली. मला फार वाईट वाटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
संकल्प: आता जुनाट बल्ब बंद. एलईडी!

बसले एकदाचे. पण इतके भराभर लुकलुकतात की मेहुणा म्हणाला, दाजी, गाडीला उचकी लागलीय. दुकानदार म्हणतो, एलईडी करंट कमी खातात, जुन्या फ्लॅशरला, म्हणजे दिवे लुकलुकवणाऱ्या डबीला, वाटतं बल्ब गेला, फ्लॅशर बदला. फ्लॅशर सीटखाली असतो म्हणे. सीट काढली. फ्लॅशर सापडला नाही. सीट परत बसेना. ही म्हणाली, मी आपली बसने जाते. मी ठाम नकार दिला. शब्द म्हणजे शब्द.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
हार मानली असं अजिबात नाही, पण जुना बल्ब खिशात घालून गेलो. दुकानदाराने एक नजर टाकून जोडी काढून दिली. दहा वॉट, वाकड्या पिना. मी तेच म्हणणार होतो.

दोन्ही चालू! सीट मेहुण्याने बसवली, पण पाना मी धरला होता. हिला खाली बोलावून दाखवलं. ही किती दिवसांनी हसली. म्हणाली, उद्या हात मांडीवर ठेवून बसेन.

९ नोव्हेंबर, शनिवार
वेळेत निघालो. प्रत्येक वळणाला इंडिकेटर. हिचे दोन्ही हात मांडीवर. शेवटी थाटात गाडी थांबवली, तर समोर माझं ऑफिस. कुलूप. वॉचमनने सलाम ठोकला.

ही म्हणाली, अहो, मला वाटलं तुम्ही जवळचा रस्ता काढलात.

मग लक्षात आलं. वर्षभर हिचा हात दिसेल तिकडे मी वळत होतो. दवाखाना कुठे आहे हे मला ठाऊकच नाही. ऑफिसकडून जायचा रस्ता हिलाही ठाऊक नव्हता; विचारत विचारत पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. आता पुढची वेळ पुढच्या महिन्यात. ही खांदा धरून पायरीवर बसली.

परत येताना चौकात थांबलो. आधी उजवा इंडिकेटर लावला, मग डावा, मग दोन्ही बंद केले. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. तेवढ्यात पाठीमागून ‘आई गं’ ऐकू आलं आणि हिचा डावा हात हळूहळू बाहेर आला.

मी डावीकडे वळलो. इंडिकेटर लावायचा राहिला.