मी कोणत्या खुर्चीतून उठले

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, आज पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा घेऊन, कोणाच्याही धाकाशिवाय वा आग्रहाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी मला तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. छाती त्यांची उघडायची नाही, त्यांना म्हणायला काय जातंय!

वकिलांच्या मसुद्यात ‘मन ठिकाणावर आहे’ असे शब्द होते. ते मी काढले. मन आहे. ते कोणाचं आहे, याचा निकाल याच कागदावर लावायचा आहे, म्हणून एवढी पानं.

कलम १. दुकान आणि मागच्या दोन्ही खोल्या मी माझ्या भाचीला देते. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. धाकटी चार वर्षांपूर्वी वारली. माझा भाऊ याला हरकत घेणार हे मला माहीत आहे. त्याने वकिलांना आधीच सांगून ठेवलंय, “ही आमची थोरली नाहीच हो. ती अशी हसायची नाही. तिचं अक्षरसुद्धा असं नव्हतं.” वकील हसले. मी नाही हसले. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा बरोबर असण्याची शक्यता आहे. त्याला वडिलांचं भिंतीवरचं बंद घड्याळ द्यावं. ते दुरुस्त करून आणतो असं तो तीस वर्षं म्हणतोय, आता आणू दे.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल ते भाचीला. समोरच्या किल्लीवाल्याला काहीही नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात. तसंही माझी शिडी त्याच्याकडेच आहे.

कलम ३. हत्यारं. टोचा, लाकडी हातोडी, खुंट्यांची पिशवी आणि वेत भिजवायचा टब, हे सगळं भाचीला. तिचा हात चांगला आहे. अट एकच. तिने वीण माझ्यासारखी खेचून घालू नये, आईसारखी सैल घालावी.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. खुर्ची विणून झाली की वेताचं शेवटचं टोक बैठकीच्या खाली गाठ मारून अडकवतात. ही गाठ ज्याची त्याची असते. मी टोक दोनदा फिरवून आत खुपसते, दिसतही नाही. धाकटी एकदाच फिरवायची आणि बोटभर टोक बाहेर सोडायची. मी ओरडायचे, “हे शेपूट कशाला ठेवलंस गं?” ती म्हणायची, “ताई, उद्या कोणाला सोडवायची झाली, तर हाताला लागायला नको?” मला ताई म्हणणारी जगात ती एकटीच होती. भाऊ माझ्याहून मोठा, तो मला नावाने हाक मारतो, आणि बाकीच्यांची हिंमत नव्हती.

कलम ४. हे कलम देण्याघेण्याचं नाही, कबुलीचं आहे. तीस वर्षांपूर्वी आम्हाला कचेरीच्या बारा खुर्च्यांचं काम मिळालं. सहा मी विणल्या, सहा धाकटीने. पोचवायला गेलो तेव्हा मी तिच्या विणीवर हात दाबून पाहिला. दोन बोटं खाली गेली. कचेरीतल्या सगळ्या माणसांसमोर मी कात्री काढली आणि म्हटलं, “हे असलं ढिलं काम आमच्या दुकानातून जात नाही.” एकेक करून तिच्या पाच खुर्च्या मी कापल्या. सहावी एका कारकुनाच्या बुडाखाली होती, म्हणून वाचली. धाकटीने आपली पिशवी उचलली आणि ती निघून गेली. ती परत दुकानात आली नाही, आणि मीही गेले नाही. तिला मुलगी झाली हे कळलं, ती आजारी आहे हे कळलं. मी आपली लोकांना सांगत राहिले की ती मला सोडून गेली.

कलम ५. समुपदेशक बाईंना माझ्या हातचा वेताचा झोपाळा द्यावा. त्या नको म्हणतील. तरी द्यावा.

धाकटी वारल्यावर दीडएक वर्षाने या बाई दोन जुन्या खुर्च्या घेऊन दुकानात आल्या. त्याच कचेरीच्या लिलावात घेतलेल्या. एक मधोमध फाटलेली, दुसरी धडधाकट. मी दोन्ही उलट्या केल्या. फाटलेलीच्या खाली माझी गाठ. धड असलेलीच्या खाली बोटभर शेपूट. मी तिथेच फरशीवर बसले. बाईंनी पाणी दिलं, कार्ड ठेवलं, आणि म्हणाल्या, “खुर्च्या पोचवायला तुम्हीच या.”

मी गेले ती भांडायच्याच तयारीने. म्हटलं, “बाई, मला वेड लागलेलं नाही.” त्या म्हणाल्या, “मलाही नाही. बसा.” चार आठवडे मी भावाला, गिऱ्हाइकांना, किल्लीवाल्याला शिव्या घातल्या. त्यांनी ऐकलं. सल्ला म्हणून एक शब्द दिला नाही, मला वाटलं हिला काही येतच नाही. पाचव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, “राग येतो तेव्हा अंगात कुठे जाणवतो?” मी म्हटलं, “हातात.” “हातांना काय हवं असतं?” मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “कात्री.” मग मी खूप रडले. ती मला सोडून गेली नव्हती, मी तिला घालवलं होतं. हे वाक्य मला तीस वर्षांत एकदाही सापडलं नव्हतं, आणि बाईंनी ते सांगितलंही नव्हतं. त्या फक्त ते येईपर्यंत थांबल्या होत्या.

सहाव्या आठवड्यापासून त्यांनी त्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. माझी मी नवीन विणून दिली होती, धाकटीची तशीच होती. रीत अशी. मी माझ्या खुर्चीत बसायचं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीतल्या धाकटीशी बोलायचं. मग उठून तिच्या खुर्चीत बसायचं आणि ती होऊन उत्तर द्यायचं. शेवटी परत आपल्या खुर्चीत यायचं, उत्तर ऐकून घ्यायचं, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, आणि मगच खोलीबाहेर पडायचं. बाई या शेवटच्या गोष्टीबद्दल फार कडक होत्या.

सातव्या आठवड्यात मी माझ्या खुर्चीतून माफी मागितली. उठले, तिच्या खुर्चीत बसले. वीण दोन बोटं खाली गेली. माझ्या तोंडून आलं, “ताई, मी रागावले नव्हते गं. मला एवढंच हवं होतं की तू—” आणि इमारतीतली आगीची घंटा वाजली. खाली कोणाचा तरी पाव करपला होता. पण सगळ्यांना जिन्याने खाली पिटाळलं. मी गुणगुणत जिना उतरले. मी कधी गुणगुणत नाही. गुणगुणायची ती.

त्याच दिवशी दुपारी मी भाचीला फोन लावला. नंबर धाकटीच्या निधनाच्या पत्रावर होता. ओळख ना पाळख, आणि मी म्हटलं, “भिंगरे, जेवलीस का गं?” ती म्हणाली, “मला भिंगरी फक्त आई म्हणायची. घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. तुम्ही कोण?”

मी कोण, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

कलम ६. तेव्हापासून मी बदलले, असं सगळे म्हणतात, आणि सगळे खूश आहेत. राग मला अजून येतो. पण आला की आतून कोणीतरी हसतं. भाची राहायला आली. गिऱ्हाइकं गप्पा मारायला थांबतात. आणि मी विणलेल्या प्रत्येक खुर्चीखाली बोटभर शेपूट असतं. मी दोनदा फिरवायला जाते, हात एकदाच फिरतो.

बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “ती माया तुमच्यातच होती. तुम्ही ती तिच्या नावावर ठेवून दिली होती. आता तिला वाट मिळाली, एवढंच.” पटलं मला. मग मी भिंगरीचं सांगितलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “तुम्ही आपल्या खुर्चीत परत येऊन बसा. आजच.” मी दुसरं काम काढून निघून आले. समुपदेशनाचं काम बंद करून त्या दुसऱ्या गावी गेल्या तेव्हा दोन्ही खुर्च्या माझ्याकडे पाठवून दिल्या, चिठ्ठीसकट. चिठ्ठीत तेच एक वाक्य होतं.

त्या खुर्च्या मागच्या खोलीत समोरासमोर आहेत. धाकटीच्या खुर्चीत मी रोज बसते. वीण खाली जाते, उठलं की लगेच वर येते. माझ्या खुर्चीत दोन वर्षांत कोणी बसलेलं नाही. तरी तिची मधली वीण चारदा तडकली. चारदा मी ती नवीन घातली. कोणीतरी तिथे बसून आहे, ताठ, हट्टाने, वाट बघत. मला माहीत आहे कोण. ताईला उत्तर ऐकायचं राहिलं आहे. (फोनवर वाचून दाखवलं, तर वकिलांनी इथे ‘ताई’ खोडून ‘मी’ लिहायला सांगितलं. पेन तिथे नेलं, खोडता आलं नाही.)

मला भीती शस्त्रक्रियेची नाही. मी अशीच गेले, तर भिंगरीची आई दुसऱ्यांदा मरेल, आणि मी त्या खुर्चीत तशीच बसून राहीन, माफी मागितलेली, उत्तर न मिळालेली. आणि परत जाऊन बसले, तर धाकटी जाईल. तीस वर्षांनी घरी आलेल्या माणसाला परत मीच घालवायचं? एकदा घालवलंय मी.

काल हे सगळं भाचीला सांगितलं. ती वेत भिजवत होती. म्हणाली, “मावशी, तू जाऊन बस.”

“आणि तुझी आई?”

“आईला मी पोचवून आलेय. तू अजून तिचं ऐकूनही घेतलेलं नाहीस.” मग तिने माझ्यासमोर एक खुर्ची उलटी केली आणि शेपटाला बोट लावलं. “हे तिने कशासाठी ठेवलंय? हाताला लागावं म्हणूनच ना? मग सोडव की.”

कलम ७. म्हणून मी असं ठरवलं आहे. वरचं सगळं मी धाकटीच्या खुर्चीत बसून लिहिलं. सही मी माझ्या खुर्चीत बसून करीन. सहीनंतर जी कोणी उरेल, तिची ही इच्छा समजावी. दोन्ही खुर्च्या भाचीला. त्या वेगळ्या करू नयेत आणि त्यांच्यावर पाहुणे बसवू नयेत. भाचीला यात वाटा असल्याने सही होईपर्यंत ती बाहेर दुकानात थांबेल.

माझी आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. एकच होतं, त्यात सगळं भावाला होतं. तेव्हा मी फार रागात होते.

लिहून ठेवणारीची सही: (केली आहे)

साक्षीदार पहिला, समोरचा किल्लीवाला: मी कागद वाचलेला नाही. पाहिलं ते लिहितो. बाई एका खुर्चीतून उठल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. बसताना त्यांनी माझा हात धरला होता, त्यांचा हात थंड होता. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्या दोनदा “हं” म्हणाल्या. मग एकदम डोळे भरून आले आणि म्हणाल्या, “एवढंच होय? अगं वेडे, मग तेव्हाच सांगायचंस की!” मग स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं आणि आमच्यासमोर सही केली. सही झाल्यावर मला म्हणाल्या, “माझी शिडी उद्या आणून दे,” म्हणजे त्या पहिल्यासारख्याच आहेत. मी किल्ल्या करतो, वेतातलं मला कळत नाही. पण ज्या खुर्चीतून त्या उठल्या तिची वीण दबलेली होती, आणि ती दबलेलीच राहिली. डॉक्टरांनाही दाखवली. मग बाईंनी भाचीला हाक मारली. भाची दारातून आत आली, तेव्हा वीण वर आली.

साक्षीदार दुसरा, डॉक्टर: लिहून ठेवणाऱ्या बाई शुद्धीत होत्या. सही माझ्यासमोर झाली. पहिल्या साक्षीदाराने शेवटी लिहिलं आहे ते मीही पाहिलं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: सात, मंगळवार, सकाळचे अकरा