पाच वाव

४ फेब्रुवारी १९६०

त्या सकाळी जमीन मोजायचा कैवार माझ्या हातात होता. पंचेचाळीसचा एप्रिल. जहागीरदार पळून गेला होता आणि त्याची जमीन आम्ही भूमिहीन वाटून घेत होतो. लढाई अजून पुरती थांबली नव्हती, सरकारी मोजणीदार कुठून यायचा? गावाने मला नेमलं. गास्पार चेर्नाक चर्चमध्ये स्तोत्राची एक ओळ चुकत नाही, तो मोजणीत काय चुकणार, असं म्हणाले.

माणसाएवढा उंच लाकडी कैवार. त्याचा एक फेरा म्हणजे एक वाव, दोन्ही हात पसरल्याएवढं अंतर. मोठ्याने मोजत जायचं. प्रत्येक पट्ट्याची रुंदी चाळीस वाव.

तेरेझच्या पट्ट्यात मी एकतीसनंतर सदतीस म्हटलं.

वारा होता, लोक थकले होते. तिच्या पलीकडचा, शेवटचा, ओढ्यापर्यंत जे उरेल ते — तो पट्टा माझा होता. ती हातात चपला घेऊन चिखलात उभी. तिचा नवरा अन्ताल लढाईत डॉन नदीकाठच्या बर्फात राहिलेला. "झालं का?" तिने विचारलं. "झालं," मी म्हटलं.

मग रीतीप्रमाणे खड्डा खणला, तळाशी कोळसे टाकले, वर दगड रोवला. कोळसा कुजत नाही. उद्या कुणी दगड सरकवला तरी खालचा कोळसा खरी हद्द सांगतो. मी खोट्या जागी खरे साक्षीदार पुरले.

पंधरा वर्षांत हे कधी कागदावर उतरवलं नव्हतं. आज लिहितोय, कारण आज ते आले होते. शहरातले पक्षाचे दोघे, चामडी कोट घातलेले, बरोबर मान खाली घालून आमचे शाळामास्तर. सामुदायिक शेतीत या म्हणाले, अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना: सोबत आणलेली जमीन किती. तिथे माझा हात थांबला. तो आकडा माझ्या हाताने, माझ्या नावापुढे? सही करणार नाही म्हणालो. का, ते त्यांनी विचारलंच नाही. त्यांना वाटलं, कारण ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी

गावभर झालं. अम्ब्रुश वाइनची बाटली घेऊन आला. आमची दोस्ती शाळेपासूनची. त्याच्याकडे ते दोघे तीन दिवस ठाण मांडून बसलेत. म्हणाला, अर्ज भरण्याआधी माझं पिंपच रिकामं करणार बेटे. मग हसायचा थांबला. म्हणाला, एकदा सरकारने माळ्यावरचं धान्य झाडून नेलं, सोसलं. छप्पन्नात उठाव झाला, सामुदायिक मोडली, वाटलं सुटलो. आता पुन्हा तेच. पण गास्पार सही करत नाही तोवर माझाही हात उठायचा नाही!

मी त्याचीच वाइन प्यालो.

९ फेब्रुवारी

माझी बायको झोफी विचारते, तुला भीती वाटत नाही का. त्यांची नाही, म्हटलं. खोटं नव्हतं ते.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी ओढ्याच्या बाजूला दिवा दिसला. जमिनीलगत, हलता. गुरं पाजून परतणाऱ्या बायका म्हणाल्या, मोजणीदार फिरतोय. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे: ज्याने खोटी मोजणी केली त्याला मेल्यावर सुटका नाही. कंदील घेऊन बांधाबांधाने फिरतो, खांद्यावर दगड, आणि भेटेल त्याला विचारतो — कुठे ठेवू?

सामुदायिकवाल्यांना चुकवायला काही जण तिकडच्या बोरूच्या झोपड्यांत लपतात. त्यांचाच कंदील असेल. तरी मी कुंपणापाशी दिवा विझेपर्यंत उभा होतो. तो मेल्यावर फिरतो म्हणे. मी तर अजून जिवंत आहे!

१८ फेब्रुवारी

अम्ब्रुशला काल कचेरीत बोलावलं होतं. आज सकाळी परतला. पुढचे दोन दात नाहीत. तळपाय असे सुजलेत की बूट हातात घेऊन आला.

मी बसलो त्याच्याजवळ. त्याची बायको ओले फडके बदलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तो म्हणाला, "तुझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही रे. एवढंच म्हटलं, गास्पारने केली की करीन." आणि त्या फुटक्या तोंडाने हसला.

काय सांगणार होतो त्याला? की तू ज्याच्यासाठी मार खाल्लास ते माझं धैर्य नव्हतंच?

१९ फेब्रुवारी

शेवटी झोफीला सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, "मार्चात ट्रॅक्टर येणार. सगळे बांध नांगरून एकच रान करणार. बांधच उरला नाही तर बांध कोरल्याचं पाप कुठलं? पंधरा वर्षं गप्प होतास, पंधरा दिवस आणखी राहा."

वाईट बाई नाही ती. हाच विचार मीही रोज करतो.

२१ फेब्रुवारी, रविवार

पाळकांनी सांगितलं, उपासकाळाच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. म्हणजे सहा मार्च. ज्याचं शेजाऱ्याशी काही बाकी असेल त्याने आधी मिटवून यावं. पंधरा वर्षं मी भाकर-वाइन घ्यायला त्या मेजापर्यंत गेलो नाही. लोक म्हणतात, गास्पार किती नम्र, स्वतःला लायक समजत नाही! आमच्यात कानात कबुली घेऊन मोकळा करणारा कोणी नसतो. ज्याचं घेतलं त्याच्यापुढेच उभं राहायचं.

२४ फेब्रुवारी

तेरेझकडे गेलो. उशांत भरायला हंसाची पिसं सोलत बसली होती, केसांत पिसं. तिने मला स्टूल दिलं. मी हवेबद्दल बोललो, तिच्या मुलींबद्दल बोललो. तीच म्हणाली, मीही सही केलेली नाही, तुझ्याकडे बघून धीर येतो. अन्तालची कबरसुद्धा नाही, हा पट्टा तेवढा आहे. मग म्हणाली, "शेजारणी बांधावरून भांडतात. मला कधी शंका आली नाही. मोजणारा तू होतास."

उठलो. डोकं दुखतंय म्हणालो.

२७ फेब्रुवारी

जमलं नाही. आजही गेलो होतो, फाटकापासून परतलो.

१ मार्च

आज सांगितलं.

तिला बांधावर बोलावलं, भर दुपारी. कुदळ घेऊन गेलो. दगड उपटला, खालचे कोळसे काढून तिच्यासमोर ठेवले. एकतीस, सदतीस — सगळं. मग तिथून ओढ्याकडे पाच वाव मोजले. जमीन अजून कडक होती, खणायला वेळ लागला. नवा खड्डा झाला, कोळसे टाकले, दगड रोवला. मला वाटलं, आता छातीवरचं उतरेल.

ती म्हणाली, "आज सोपं आहे रे. उद्या कुणाचंच काही राहणार नाही, तेव्हा तू मला पाच वाव देतोस."

मी मान खाली घातली. काय हवं ते सांग म्हणालो.

"त्या दिवशी सगळ्या गावासमोर मोठ्याने मोजलं होतंस," ती म्हणाली. "तसंच मोठ्याने सांग."

तिला ठाऊक होतं ती काय मागतेय. मलाही. अम्ब्रुशचे पाय अजून बुटात जात नाहीत.

४ मार्च

झोफी म्हणते, सांगितलंस तर आपल्या पोरींनासुद्धा लोक तोंडावर बोलतील. म्हणते, आणि त्या बिचाऱ्यांचा धीर? तोही मोडशील. तिचं चुकत नाही. पण उसना धीर किती दिवस पुरवू? मार ते खातात.

प्रार्थना केली. उत्तर काही आलं नाही. बहुतेक आधीच मिळालंय.

६ मार्च, रविवार

उपासनेआधी चर्चच्या पायऱ्यांवर टोपी काढून सगळ्यांसमोर सांगितलं. अम्ब्रुश काठीवर टेकून ऐकत होता. तसाच लंगडत कचेरीत गेला आणि सही केली. संध्याकाळपर्यंत गावाने केली. मीही केली, रकान्यात पाच वाव कमी लिहून. एकट्या तेरेझने अर्ज परत पाठवला. म्हणाली, माझी जमीन आज कुठे पुरी झालीय, आजच कशी देऊ?