थोरलीचा अर्ज

९ मे, शनिवार

उद्या निघायचं. बॅगा भरून झाल्या. म्हणजे हिने भरल्या. मी धोरण तयार केलं.

मागच्या सुट्टीत काय झालं ते मी विसरलेलो नाही. लुकलुकणारी तलवार गाडीत बसेपर्यंत विझली. फुगवायचा डॉल्फिन घरी आल्यावर कुणी फुगवलासुद्धा नाही. आणि हे तर थीम पार्क. तिथे म्हणे झाडं कमी, दुकानं जास्त. असू देत. पंपांच्या कारखान्यात मी इतकी वर्षं खरेदी विभाग सांभाळतोय. भलेभले सप्लायर माझ्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसून घाम पुसतात. दोन पोरं म्हणजे किस झाड की पत्ती!

धोरण असं. ज्याला जे हवं त्याने तीन दुकानांत भाव काढायचा. तीन कोटेशनांशिवाय खरेदी नाही. मग एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. सकाळी नाश्त्याला माझ्याकडे तोंडी अर्ज. का हवं, किती टिकेल, घरी कुठे ठेवणार. मंजुरी माझी.

धाकटा सात वर्षांचा. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, का ते एकदा ऐकलं की कळतं. त्याने विचारलं, आत्ताच अर्ज केला तर चालेल का. थोरली बारा वर्षांची. ती म्हणाली, ओके.

हल्ली ती मला ओके एवढंच म्हणते. पूर्वी मी ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत अख्खी शाळा सांगून मोकळी व्हायची. आता दार लावून बसते. खरं सांगायचं तर (इथे कोण वाचतंय!) तोंडी अर्ज ठेवलाय तो त्यासाठीच. मागायला तरी येईल. चार शब्द बोलेल. हिला हे सांगितलेलं नाही. हिचं मत असं की, मला पोरांना नाही म्हणता येत नाही म्हणून हा सगळा घाट. काहीतरीच.

१० मे, संध्याकाळ

पोचलो. हॉटेलच्या लॉबीतच दुकान. मी पोरांना भिंतीच्या बाजूने चालवत आणलं. भोंग्याला मान आहे हे लक्षात राहिलं नाही, ती त्याने वळवली.

खोली बरी. पडदा सरकवला तर समोर पार्क, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा एक लालभडक रोलरकोस्टर. थोरली काचेला नाक लावून उभी. म्हणाली, बाबा, तू येशील ना माझ्याबरोबर त्याच्यात? आईची मान धरलेली, भोंगा उंचीत बसत नाही, राहिलास तूच.

मी म्हणालो, बघू. आधी घडी बसू दे.

ओके म्हणाली.

११ मे, दुपार, बाकावर

धोरण लागू झालं. उत्तम चाललंय.

फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच भोंग्याला अंडं हवं झालं. प्लॅस्टिकचं, हिरवं. पाण्यात ठेवलं की फुटतं आणि आतून ड्रॅगन निघतो. ठरल्याप्रमाणे तीन दुकानं. पहिल्यात भाव काढला. दुसऱ्यात तोच. तिसऱ्यातही तोच. सगळी दुकानं एकाच मालकाची निघाली. हे आधी सुचायला हवं होतं, असं ही म्हणाली. मला सुचलंच होतं. पण पद्धत ती पद्धत.

तिसऱ्या दुकानात काउंटरवर एक मुलगी होती, गालांवर मांजरीच्या मिशा रंगवलेली. तिला घाऊक दराचं विचारलं. किती नग, तिने विचारलं. एक, मी म्हणालो. मागची रांग हसली. भोंगाही हसला, तो नेमका कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.

तीन दुकानं म्हणजे पार्काची तीन टोकं. बोटींची रांग हुकली. मिरवणुकीची शेपटी तेवढी दिसली. थोरलीने दोनदा लाल कोस्टरकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, कोटेशनं होऊ देत.

ऊन फार. एक कप्तानाची टोपी घेतली, सोनेरी नांगर असलेली. ही सुव्हेनिअर नव्हे, साधनसामग्री. तिला कोटेशन लागत नाही.

१२ मे, नाश्ता झाल्यावर

अर्जांची पहिली सुनावणी.

भोंग्याचे अर्ज नऊ. आठ नामंजूर. अंड्याची बाजू मात्र त्याने चांगली मांडली. किती दिवस टिकेल? जन्मभर, ड्रॅगन मरत नाहीत. घरी कुठे ठेवणार? बाबांच्या पलंगाखाली. मंजूर करावंच लागलं.

थोरली टोस्टला लोणी लावत बसली. अर्ज नाही. विचारलं, काहीच नको? म्हणाली, वस्तू नको, आज लाल कोस्टरमध्ये जायचं का? मी तिला शांतपणे समजावलं की ही सभा वस्तूंपुरती आहे, बसायच्या गाड्या हे खातं वेगळं.

ही टेबलाखालून मला पाय मारत होती. जागा अपुरी असते हॉटेलांत.

१२ मे, दुपार

अंडी संपली. कालपर्यंत टोपलीभर होती, आज एक नाही. एक रात्र मध्ये गेली ना!

भोंगा वाजला. आयुष्यात इतका वाजला नव्हता. अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस समजूत काढायला धावत आला, तर अस्वल बघून पोराने वरचा सूर लावला. लोक फोटो काढायला लागले. मी पळत सुटलो. या टोकाचं दुकान, त्या टोकाचं दुकान, टोपी हातात धरून. शेवटी निळी अंडी मिळाली, डायनोसोरची, आकाराने मोठी. भावही दणदणीत. दोन घेतली, एक राखीव. तातडीच्या खरेदीला नियम शिथिल करतातच. कारखान्यातही करतात.

परत आलो तर भोंगा आइस्क्रीम खात होता आणि अंडं विसरलेला होता. तेलही गेलं, तूपही गेलं. ही म्हणाली, आण ती टोपी इकडे, जरा वारा घेते.

थोरलीने विचारलं, आता जायचं का? मला घाम आलेला, धाप लागलेली. म्हणालो, उद्या नक्की. तिने नुसती मान हलवली. ओकेसुद्धा म्हणाली नाही.

१३ मे, सकाळ

थोरलीचा अर्ज आजही नाही.

मला चैन पडेना. मुलीला काही नको म्हणजे काय? बारा वर्षांच्या मुलीला पार्कात काहीतरी हवं असतंच. माझ्याकडे मागायचं नाही, एवढंच. भोंग्याचे आज तेरा अर्ज होते, ते नीट ऐकलेही नाहीत. सगळे मंजूर केले. ही बघतच राहिली.

नवा विचार: मागणी नसली तर निर्माण करावी. सप्लायर आमच्याकडे सॅम्पल पाठवतात ते का? वस्तू हातात पडली की माणूस बोलायला लागतो. आज तिच्यासाठी सॅम्पल घेणार. एकच.

१३ मे, संध्याकाळ

सॅम्पलं घेतली ती: संगीत वाजणारी पेटी. घुबडाचे कान असलेला हेअरबँड. घुबडाचा मग. घुबड (मोठं). चमकीचं जॅकेट. जॅकेट मोठं झालं तर म्हणून लहान मापाचंही. मिशांवाली मुलगी आता मला नावाने ओळखते. पिशवी हवी का हे विचारत नाही, दोन काढून ठेवते.

थोरली प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायची, छान आहे बाबा म्हणायची आणि परत पिशवीत ठेवायची. भांडली असती तरी चाललं असतं. ही म्हणाली, अरे तिला घुबड आवडतं ते ती पाच वर्षांची असताना. मला कुणी कळवलं नाही.

आता लाल कोस्टरबद्दल. मी टाळतोय असं हिचं म्हणणं. टाळत वगैरे नाही. दुपारी मुद्दाम त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो, वर मान करून. खांबांना बोल्ट आहेत. पुष्कळ बोल्ट. लोकांना वाटतं इंजिनिअर लोक ते निवडतात. कोण निवडतं ते मला ठाऊक आहे. माझ्यासारखा एक माणूस निवडतो, दुपारच्या जेवणाआधी, सगळ्यात कमी दर बघून. गाडी वरून गेली आणि मी टोपी घट्ट धरून बाजूला झालो. माणसं किंचाळत होती. ती आनंदाने किंचाळतात असं म्हणतात.

भीती नाही. व्यावसायिक ज्ञान.

१४ मे, सकाळ. शेवटचा दिवस

नाश्त्याला थोरली माझ्याशेजारी येऊन बसली. समोर नाही, शेजारी. म्हणाली, बाबा, अर्ज करायचाय.

माझा घास तोंडातच राहिला. म्हणालो, बोल बेटा, काय वाटेल ते माग. मग तिने धोरणाप्रमाणे अर्ज केला. तू लाल कोस्टरमध्ये माझ्याशेजारी बसायचं. का हवं? एकटीने नको वाटतं म्हणून. किती टिकेल? दोन मिनिटं. घरी कुठे ठेवणार? ते नाही माहीत.

मी जागच्या जागी मंजूर केलं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरी उडाली असावी.

निश्चय: आज बसायचं. डोळे मिटून, दात आवळून, पण बसायचं. बाप आहे मी.

१४ मे, दुपार. रांगेत उभ्याउभ्या

रांग भलीमोठी. आणि काय सांगू, थोरली बोलतेय! तिची जिवलग मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसायला गेली, का ते सांगितलं नाही. थोरलीने डबा एकटीने खाल्ला, किती दिवस. मला ठाऊकच नव्हतं. नाटकात घेतलंय तिला, घरी कुणाला बोलली नाही, कारण एन्ट्रीला पाय लटपटतात. मग काय करतेस, मी विचारलं. म्हणाली, लटपटत जाते. विज्ञानाच्या बाई कशा शिंकतात ते करून दाखवलं. पुढची माणसं वळून हसली. मी इतका हसलो की टोपी पडली.

ही रांग संपूच नये असं वाटतंय. बोल्ट आठवले नाहीत असं नाही, पण कमी आठवले. आता जिना सुरू झाला. ती फोन ठेव म्हणतेय. ठेवतो.

१४ मे, नंतर. दुकानात

जे झालं ते लिहून टाकतो.

गाडी आली. थोरली आधी बसली, माझ्या सीटवर हात ठेवून. सीटवर दांडा खाली येतो, त्याचा खटका मी ऐकला. फलाटाच्या कडेला एक छोटं दार असतं, ज्यांचा धीर सुटतो त्यांच्यासाठी. ते मला आधी दिसलं नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. मी तिला म्हणालो, तू बस, मी आलोच.

आलोच म्हणालो मी तिला.

दार सरळ दुकानात उघडतं. मिशांवाली आज इथेच होती. तिने ओळखून हात केला. वर मोठा पडदा आहे, त्यावर उतारावर काढलेले फोटो येतात. मी बघत उभा राहिलो. पडद्यावर थोरली आली. केस उभे, तोंड उघडं. शेजारी, माझ्या जागेवर, एक टकले गृहस्थ, माझ्याच वयाचे. रांगेत आमच्या मागेच होते, रिकामी सीट म्हणून बसवलेले. डोळे घट्ट मिटलेले. तिने त्यांचा हात धरला होता.

ते गृहस्थ खाली आले तेव्हा चेहरा पांढराफटक. माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमची मुलगी ना? फार गुणी. वर पोचलो तेव्हा माझी बोबडी वळली, ती म्हणाली, काका, घाबरलात तरी चालतं, हात द्या. त्यांनी फोटोची एक प्रत घेतली, बायकोला दाखवायला.

मला लाज वाटली. इतकी की कुठे बघावं कळेना. थोरली आली, रागावली नाही. माझी टोपी सरळ केली आणि म्हणाली, चल, आई वाट बघतेय.

फोटो मीही घेतला. फ्रेमसकट. एकाच दुकानात भाव विचारून.

१७ मे, रविवार. घरी

सामान लावून झालं. घुबडं माळ्यावर. निळी अंडी पाण्यात ठेवली, त्यांतून काही निघालं नाही. धोरणाचा एकूण विचार करता अनुभव संमिश्र, पुढच्या वेळी सुधारणेला वाव. ऑफिसात पार्काबद्दल विचारतील तेव्हा हवामानाबद्दल बोलायचं ठरवलंय.

फोटो थोरलीने बाहेरच्या खोलीत लावला. मी म्हणालो, आत लाव. ती म्हणाली, का, छान आलाय की.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. फोटोजवळ गेल्या, चष्मा वर केला, आणि विचारलं, अगंबाई, हे शेजारी कोण बसलेत गं?

थोरलीने पुस्तकातून मान वर केली. सहज म्हणाली, ते ना? बाबांच्या जागेवरचे काका.

मी उठून आत गेलो आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आलो. कुणी मागितलं नव्हतं.